चाळीस मेगावॅटची गोष्ट: नेपाळची वीज भारतातून बांगलादेशला कशी जाते

१५ नोव्हेंबर २०२४ ला नेपाळने पहिल्यांदा बांगलादेशला वीज विकली. किती, तर ४० मेगावॅट. भारताची एकूण वीजनिर्मितीची क्षमता तेव्हा साडेचार लाख मेगावॅटच्या घरात होती, त्याच्यापुढे हे म्हणजे दर्या में खसखस. आणि गंमत अशी की त्या वर्षी ही विक्री एकच दिवस चालली, कारण करारात लिहिलंय की वीज दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढ्याच काळात द्यायची, आणि सगळ्या सह्या परवानग्या होईपर्यंत हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला होता. मग सात महिने गप्प, आणि १५ जून २०२५ पासून परत सुरू.

तरी बातमी मोठी होती, कारण दक्षिण आशियात तीन देशांनी मिळून वीजेचा असा व्यवहार आधी कधी केलाच नव्हता. दोन-दोन देशांचे होते, पण एकाने विकायची, दुसऱ्याने घ्यायची आणि मधल्या तिसऱ्याने आपल्या तारांमधून जाऊ द्यायची, हे पहिल्यांदाच. नेपाळ आणि बांगलादेशने आपसातला सामंजस्य करार २०१८ मध्येच केला होता. नकाशा उघडून बघा, सिलीगुडीजवळ या दोन देशांच्या मधे भारताची जेमतेम २०-२२ किलोमीटरची पट्टी आहे. तेवढी ओलांडायला सहा वर्षं लागली. का लागली ते समजलं की शेजारी देशांमधला हा सगळा ऊर्जेचा व्यापार कसा चालतो ते बऱ्यापैकी समजतं, म्हणून तेच धरून सांगतो.

आधी मुळात वीज विकत का घ्यायची, ज्याने त्याने आपापली बनवावी की. तर इथे ऋतू आडवे येतात. नेपाळची जवळजवळ सगळी वीज नद्यांवर बनते आणि त्यातले बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, म्हणजे मोठं धरण नाही, साठा नाही, नदीत आज जेवढं पाणी तेवढी आज वीज. नीट साठवण असलेला म्हणावा असा प्रकल्प एक कुलेखानी, तोही छोटाच. पावसाळ्यात नद्या फुगतात, टर्बाइन पूर्ण क्षमतेने फिरतात आणि रात्री लोक झोपले की वीज घ्यायला कोणी नसतं, पाणी नुसतंच सोडून द्यावं लागतं. हिवाळ्यात हिमालयात बर्फ गोठलेलं, नदीला पाणी कमी, निर्मिती साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच लोकांना हीटर लागतात. म्हणजे एकच देश जुलैत विक्रेता आणि जानेवारीत गिऱ्हाईक. भूतानचंही हेच, शिवाय तिथे गेल्या काही वर्षांत सरकारी कंपनीनेच बिटकॉइनचं मायनिंग (म्हणजे संगणकांवर हे डिजिटल चलन कमावणं) सुरू केलंय, ती मशीन्स बारा महिने वीज पितात, त्यामुळे हिवाळ्यात भूतान भारतातून वीज घेतो.

बांगलादेशचं बरोबर उलटं. तिथे उकाड्यात मागणी १६ हजार मेगावॅटच्या वर जाते आणि हिवाळ्यात नऊ-दहा हजारांवर उतरते, एसी पंखे बंद झाले की संपलं. त्यांची वीज मुख्यतः गॅसवर, स्वतःच्या विहिरींमधला गॅस कमी कमी होत चाललाय, मग बाहेरून जहाजाने एलएनजी, म्हणजे थंड करून द्रवरूप केलेला गॅस, आणायचा, आणि २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर त्याचे भाव असे भडकले की ढाक्यात ठरवून लोडशेडिंग करायची वेळ आली. आता बघा, नेपाळकडे जास्तीची वीज असते जून ते नोव्हेंबर आणि बांगलादेशला ती हवी असते उकाड्याच्या दिवसांत, हे महिने बऱ्यापैकी जुळतात. उलट बाजूने हिवाळ्यात बांगलादेशची कितीतरी वीजकेंद्रं रिकामी बसलेली असतात आणि नेपाळला वीज कमी पडत असते. हा दुसरा अर्धा भाग अजून कोणी धड हातातच घेतलेला नाही, जे माझ्या मते आश्चर्य आहे.

आता वीज जाते कशी. वीजेचा त्रास असा की ती गोदामात भरून ठेवता येत नाही (बॅटऱ्या आल्यात पण देशाच्या हिशोबात अजून थोड्याच), ज्या क्षणी बनते त्याच क्षणी वापरली गेली पाहिजे. ग्रिडवरचे, म्हणजे तारांच्या एका जाळ्याला जोडलेले, सगळे जनरेटर एका तालात, वीजेची सेकंदाला ५० आवर्तनं या हिशोबाने चालतात, मागणी वाढली की ताल थोडा मंदावतो, कमी झाली की वाढतो, आणि फार हलला तर सगळं एकापाठोपाठ एक बंद पडत जातं. भारतात पाच प्रादेशिक ग्रिड होत्या, त्या हळूहळू जोडत नेल्या आणि शेवटची दक्षिणेची ३१ डिसेंबर २०१३ ला बाकीच्यांना जोडली गेली, आपल्या सोलापूरहून रायचूरला जाणाऱ्या ७६५ केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाइनने. नेपाळ आणि भूतान याच तालात भारताबरोबर चालतात, तिन्ही देश मिळून एकच मशीन आहे म्हणा.

बांगलादेश या तालात नाही. त्यांची ग्रिड वेगळी आणि तिला भारताशी जोडलंय ते बांगलादेशातल्या भेरामारा इथल्या एका स्टेशनमधून, जिथे भारताकडून आलेला एसी (दिशा सतत बदलणारा) करंट आधी डीसी (एकाच दिशेचा) करतात आणि लगेच त्याच आवारात परत एसी करून पलीकडच्या ग्रिडला देतात. ऐकायला वेडेपणा वाटतो, हातातला घास खाली ठेवून परत उचलल्यासारखा, पण त्यामुळे दोन ग्रिडचे ताल वेगळे असले तरी चालतं, किती वीज जायची ते अगदी मोजून ठरवता येतं, आणि महत्त्वाचं म्हणजे एकीकडे गोंधळ झाला तर तो सहजासहजी दुसरीकडे जात नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला अर्ध्याहून जास्त बांगलादेश काळोखात गेला होता, भारतात कोणाला पत्ता पण लागला नाही. हे स्टेशन ऑक्टोबर २०१३ मध्ये ५०० मेगावॅटने सुरू झालं, २०१८ मध्ये क्षमता दुप्पट झाली, आणि हजार मेगावॅटला त्याचा दरवाजा संपतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर नेपाळची वीज नेपाळच्या धल्केबरहून बिहारच्या मुझफ्फरपूरला येते, तिथून भारताच्या ग्रिडमध्ये मिसळते, आणि पश्चिम बंगालच्या बहरामपूरहून भेरामाऱ्याला बाहेर पडते. त्या २२ किलोमीटरच्या पट्टीतून जातच नाही, भलामोठा वळसा घेते, कारण तार तिथे नाही. आणि खरं सांगायचं तर "तीच" वीज जातही नाही. एका शहरातल्या शाखेत पैसे भरले आणि दुसऱ्या शहरात काढले तर नोटा काही त्याच नसतात, फक्त खात्यात नोंद होते, तसंच. मुझफ्फरपूरच्या मीटरवर ४० आले, भेरामाऱ्याला त्या हिशोबाने बांगलादेशच्या नावावर नोंद झाली, मधे कुठल्या केंद्राची वीज कुठल्या बल्बला लागली हे कोणालाच सांगता येणार नाही. मुझफ्फरपूरच्या मीटरपर्यंत गळती नेपाळच्या माथी, तिथून पुढचं वहनाचं भाडं आणि मधल्या भारतीय कंपनीचं, म्हणजे एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या एनव्हीव्हीएन या वीजव्यापार कंपनीचं, कमिशन बांगलादेशच्या.

भाव ठरलाय युनिटला ६.४ अमेरिकन सेंट, पाच वर्षांसाठी. पाच महिन्यांचे साधारण साडेचौदा कोटी युनिट धरले तर नेपाळला वर्षाला नव्वद लाख डॉलरच्या थोडे वर मिळतात. ६.४ सेंट म्हणजे तेव्हाच्या दराने आपले ५ रुपये ४० पैसे होतात, आणि नेपाळ हरयाणाला पावसाळ्यात ११० मेगावॅट देतो त्याचा दर ५ रुपये २५ पैसे. म्हणजे फरक जेमतेम पंधरा पैशांचा. मग एवढा खटाटोप का? एक तर हा पैसा डॉलरमध्ये येतो, भारताकडून येतो तो भारतीय रुपयात. आणि दुसरं, एकच गिऱ्हाईक असलेला दुकानदार भाव कधीच ठरवू शकत नाही. भारत सोडून दुसरा कोणी गिऱ्हाईक आहे हे कागदावर सिद्ध झालं, नेपाळला तेच हवं होतं.

हे सगळं सुरू झालं भूतानपासून. १९७४ मध्ये भारताने चुखा प्रकल्पाचा करार केला, ३३६ मेगावॅट, ६० टक्के पैसे अनुदान म्हणून आणि ४० टक्के कर्ज ५ टक्के व्याजाने, भूतानच्या वापरातून उरलेली वीज भारत घेणार. १९८६ ते ८८ मध्ये तो चालू झाला आणि भूतानच्या तिजोरीला खरोखर आधार झाला. मग ताला १०२० मेगावॅटचा, मग मांगदेछू ७२० चा. पण अटी बदलत गेल्या, पुनात्सांगछू-१ ला अनुदान ४० टक्क्यांवर आलं आणि कर्जाचं व्याज १० टक्क्यांवर गेलं, त्यात २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या बाजूचा डोंगरच खचला आणि १२०० मेगावॅटचा हा प्रकल्प वर्षानुवर्षं रखडला. काम थांबलं तरी व्याज थांबत नाही. भूतानसारख्या छोट्या देशाला हे फार जड जातं, आणि "भारताच्या मदतीने समृद्ध भूतान" अशी एका ओळीत गोष्ट सांगणाऱ्यांनी हा भाग गाळू नये.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा किस्सा त्रिपुराचा आहे, कारण तिथे एका राज्याची गरज पुढे होती आणि दिल्ली-ढाका मागून आले. त्रिपुरा तीन बाजूंनी बांगलादेशने वेढलेलं. तिथे गॅस सापडला, पालाटाणाला ७२६ मेगावॅटचं वीजकेंद्र उभारायचं ठरलं, पण टर्बाइनसारखी अवजड मशीन्स डोंगरातल्या रस्त्याने आसाममार्गे नेणं जवळपास अशक्य. बांगलादेशने परवानगी दिली, मशीन्स नदीतून बार्जवर आशुगंजपर्यंत आणि तिथून रस्त्याने त्रिपुरात आली. त्या बदल्यात बांगलादेशला वीज हवी होती. मार्च २०१६ मध्ये त्रिपुरातून बांगलादेशच्या कोमिल्लाला १०० मेगावॅट वीज सुरू झाली आणि त्याच दिवशी बांगलादेशने कॉक्स बाजारच्या समुद्री केबलवरून त्रिपुराला १० जीबीपीएस इंटरनेट दिलं. वीज घे, इंटरनेट दे. आगरतळ्याला समुद्र कॉक्स बाजारकडून जवळ पडतो, चेन्नई-मुंबईकडून फार लांब, मग सरळ शेजाऱ्याकडूनच घेतलं. असे व्यवहार टिकतात, कारण दोघांना एकमेकांची रोजची गरज असते.

नेपाळची गोष्ट जरा कडू आहे. एक काळ असा होता की काठमांडूत हिवाळ्यात दिवसाला १६-१६ तास लाइट नसायची. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये भारताबरोबर वीजव्यापाराचा करार झाला, नोव्हेंबरात काठमांडूच्या सार्क (दक्षिण आशियातल्या आठ देशांची संघटना) परिषदेत आठही देशांनी ऊर्जा सहकार्याच्या चौकटीवर सह्या केल्या, सगळं छान चाललंय असं वाटलं, आणि २०१५ च्या शेवटी सीमेवर इंधनाचे टँकर अडकले. नेपाळी लोक त्याला भारताने केलेली नाकाबंदी म्हणतात, भारत म्हणतो की नेपाळच्या तराईतल्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळे रस्ता बंद होता. कारण काहीही धरा, पण लोकांनी गॅस सिलिंडर मिळेना म्हणून लाकडं जाळली, आणि एका शेजाऱ्यावर सगळं अवलंबून असणं म्हणजे काय ते एका हिवाळ्यात कळलं. त्यानंतर २०१६ मध्ये वीज प्राधिकरणावर कुलमान घिसिंग आले, भारतातून घेतलेली वीज आणि वाटपातली शिस्त यांच्या जोरावर लोडशेडिंग संपवलं आणि नेपाळमध्ये घराघरात त्यांचं नाव झालं. नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळ भारताच्या वीज एक्सचेंजवर विकायला लागला, सुरुवात फक्त ३९ मेगावॅटने. एक्सचेंज म्हणजे उद्याची वीज आज विकायची, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला बोली लागते, त्यामुळे दुपारी सोलर भरपूर असताना भाव पडलेले आणि संध्याकाळी सूर्य मावळला की चढलेले. नदीवरचा प्रकल्प संध्याकाळी पण चालतो, त्याचा फायदा नेपाळला मिळतो. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १० हजार मेगावॅट घ्यायचा करारही भारताने केला.

पण सगळ्याच प्रकल्पांची वीज भारत घेत नाही, आणि इथे खरी मेख आहे. २०१६ ला भारताने सीमापार वीजेचे नियम काढले ते इतके कडक होते की नेपाळ भूतान दोघांनी कुरकुर केली, मग २०१८ ला ते सैल झाले आणि तिसऱ्या देशाला भारतातून वीज नेता येईल असं कलम आलं. त्या कलमाशिवाय हे ४० मेगावॅट कधी गेलेच नसते. २०२१ ला कार्यपद्धती आली, तिचा मतितार्थ असा की ज्या देशाची सीमा भारताला लागते पण ज्याच्याशी भारताचा वीजेबद्दल करार नाही, त्याचा पैसा ज्या प्रकल्पात असेल त्याची वीज घेताना अडवता येईल. नाव लिहिलेलं नाही पण चीन हे कोणालाही कळतं. व्यवहारात चिनी ठेकेदाराने बांधलेले प्रकल्पही याच्यात अडकतात. अप्पर तामाकोशी हा ४५६ मेगावॅटचा प्रकल्प नेपाळने स्वतःच्या पैशाने, लोकांचे शेअर्स घेऊन उभारला, फक्त बांधकामाचं काम चिनी कंपनीकडे होतं, तरी त्याची वीज भारताने घेतली नाही. सुरक्षेचा मुद्दा मला पटतो, ग्रिडला जोडलेली यंत्रणा कोणाच्या हातात आहे हे बघितलंच पाहिजे. पण ज्याने नुसता बोगदा खणला तो ग्रिड कसा बंद पाडणार हे मला काही पटत नाही, आणि वीजेवर काही असा शिक्का नसतो की ही तामाकोशीची आणि ती दुसरीची.

विश्वासाची दुसरी बाजू म्हणजे पैसे. झारखंडात गोड्डा इथे अदानींनी १६०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र बांधलं, अख्खी वीज बांगलादेशला, लाइन पण थेट तिकडेच, २५ वर्षांचा करार. २०२३ मध्ये सुरू झालं. बांगलादेशकडे डॉलर कमी पडायला लागले, थकबाकी वाढली, ऑगस्ट २०२४ मध्ये तिथलं सरकार पडलं, आणि त्याच महिन्यात भारताने नियम बदलून अशा केंद्रांना गरज पडली तर वीज भारतात विकायची मुभा दिली. नंतर थकबाकीवरून पुरवठा निम्म्यावर आणला गेला. कंपनीच्या बाजूने बघितलं तर पैसे नाहीत तर कोळसा कुठून आणायचा, आणि ढाक्याच्या बाजूने बघितलं तर करारातले भावच महाग, नवीन सरकारने ते तपासायला घेतले. दोन्ही खरंच आहे. त्रिपुराच्या अदलाबदलीशी तुलना करा, मग कळेल की एकतर्फी मोठ्या करारापेक्षा लहान पण दुतर्फी व्यवहार का बरा.

तेलाचं थोडक्यात सांगतो कारण ते सरळ आहे. बिहारच्या मोतिहारीहून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची पाइपलाइन २०१९ ला सुरू झाली, दक्षिण आशियातली तयार इंधनाची पहिली सीमापार पाइपलाइन, टँकरच्या रांगा आणि गळती वाचली. मार्च २०२३ ला सिलीगुडीहून बांगलादेशच्या पार्बतीपूरला डिझेलची १३१.५ किलोमीटरची लाइन आली. पाइप एकदा पुरला की चालत राहतो, वीजेसारखं क्षणाक्षणाचं गणित त्यात नाही.

मग सार्कच्या त्या चौकटीचं काय झालं? २०१६ ला इस्लामाबादची परिषद रद्द झाली आणि तेव्हापासून सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही. म्हणून जे काही होतंय ते दोघा-दोघांत किंवा तिघांत. नॉर्वे आणि स्वीडनने १९९६ मध्येच एकच वीज एक्सचेंज चालू केलं आणि आज त्यात आजूबाजूचे बरेच देश आहेत, पण त्यांच्यात भांडणं कमी. उलटं उदाहरण बाल्टिक देशांचं, एस्टोनिया लाटविया लिथुआनिया या तिघांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये रशियाच्या ग्रिडची तार तोडली आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या ग्रिडला जोडून घेतली. तारा राजकारणाच्या मागून चालतात, पुढून नाही.

आणि हिमालय स्वतः पण बोलतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये हिमसरोवर फुटलं आणि तीस्ता-३ या १२०० मेगावॅटच्या प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. सप्टेंबर २०२४ च्या पुरात नेपाळचे बरेच जलविद्युत प्रकल्प बंद पडले, आणि त्यानंतर सात आठवड्यांनी हा ४० मेगावॅटचा व्यवहार सुरू झाला. एकाच प्रकारच्या नद्यांवर तीन देशांची सोय टांगून ठेवायची असेल तर हा धोका भावात धरायला हवा, आत्ता तो कोणी धरत नाही.

पुढे वाढवायचं म्हटलं तर अडचण वर सांगितलीच, भेरामाऱ्याचा दरवाजा हजार मेगावॅटचा आणि त्यातून बांगलादेश भारताचीच वीज आधीपासून घेतोय, नेपाळच्या वीजेला त्यात जागा थोडीच. बिहारच्या कटिहारहून बांगलादेशच्या पार्बतीपूरमार्गे आसामच्या बोरनगरला जाणारी ७६५ केव्हीची लाइन वर्षानुवर्षं चर्चेत आहे, ती झाली तर भारताची ईशान्येकडची वीज आणि नेपाळ-भूतानची वीज दोन्ही त्याच वाटेने बांगलादेशात उतरू शकेल. नेपाळच्या बाजूने बुटवल ते गोरखपूर अशी ४०० केव्हीची लाइन बांधायला घेतली आहे, तिने धल्केबर-मुझफ्फरपूरवरचा भार हलका होईल. पुढचा करार ४० चा होतो की ४०० चा, हे मंत्र्यांच्या फोटोवरून कळणार नाही, या दोन लाइनींचे टॉवर कुठपर्यंत आलेत ते बघा.